बत्तीस मुलांचा एकच छंद

आमच्या शाळेत सातवीच्या बत्तीसही मुलांचा छंद पोहणे हा होता. गावाला नदी नाही. एक ओढा आहे, त्याला पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं आणि उरलेलं वर्ष त्यात क्रिकेट चालतं. विहिरींकडं पोरांना कुणी फिरकू देत नाही. तरी 'माय हॉबी इज स्विमिंग' हे वाक्य आमची मुलं अशा थाटात म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ताच अंग पुसून वर्गात येऊन बसलीत.

हा छंद त्यांना मी लावला. जालन्याला एका प्रशिक्षणात आम्हाला एक छापील कागद मिळाला होता : माझी दिनचर्या आणि माझा छंद, इंग्रजीतून, दहा वाक्यांत. कागद कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या शाळेचा असावा. त्यातलं मूल सहाला उठायचं, ग्लासभर दूध प्यायचं, ब्रेडला बटर लावून खायचं आणि संध्याकाळी पोहायला जायचं. मी तो जसाच्या तसा फळ्यावर उतरवला. उत्तर एक, वह्या बत्तीस, तपासायला अर्धा तास. याला आमच्याकडं 'तयारी करून घेणं' म्हणतात, आणि जिची तयारी पक्की त्या बाईचं तालुक्यात नाव होतं. माझं होतं.

स्वतःच्या मनानं लिहिणारे दोघंच निघाले. एकानं छंद म्हणून शेळ्या लिहिल्या. दुसरी होती फाट्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याची मुलगी. तिनं लिहिलं होतं, मी पाचला उठते, ग्लास धुते, चहा करते. दोघांच्याही वहीत मी लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'फळ्यावरचं उतरव.' शेळ्यावाल्यानं दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं पोहायला सुरुवात केली. मुलीनं मात्र वही घेताना विचारलं, "म्याडम, स्पेलिंग चुकलं का?"

"नाही, स्पेलिंग बरोबर आहे."

"मंग?"

मी तिला जागेवर बसायला सांगितलं. शिक्षकाला ही एक सोय असते.

तिच्या बापाला मी रोज भेटायचे. मी जाफराबादहून जीपनं येते, जीप फाट्यावर थांबते, आणि तिथं चहा घेतल्याशिवाय माझ्या तोंडून मराठीसुद्धा नीट फुटत नाही. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढं आठवीला पोरांना जाफराबाद गाठावं लागतं. माघ महिन्यात एका सकाळी चहा देता देता तो म्हणाला, "म्याडम, पोरीची सातवी झाली की बास. टपरीवर मानूस लागते."

मी चिडले. हुशार पोर आहे, चांगली शिकेल, असं सगळं जे म्हणतात ते म्हणाले. तो शांतपणे चहा गाळत राहिला. मग म्हणाला, "इंग्रजी येतं का तिला? इंग्रजी येत असंल तर धाडतो जाफराबादला. न्हाई तर काय उपयोग? मराठी तर मला बी येते."

"येत्या शनिवारी शाळेत इंग्रजीचा कार्यक्रम आहे. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. तुम्ही या, कानानं ऐका आणि मग ठरवा," मी म्हणाले. तोही म्हणाला, "बराबर. ऐकतो आन् सांगतो." अशा रीतीनं मी एका पोरीचं पुढचं सगळं शिक्षण ब्रेड, बटर आणि स्विमिंगवर टांगून ठेवलं.

आठवडाभर तिची तयारी मी जातीनं करून घेतली. जेवणाच्या सुट्टीत तिला व्हरांड्यात उभं करायचं आणि दहा वाक्यं एका दमात म्हणायला लावायची. पोर म्हणायची, पण मध्येच थांबून माझ्याकडं बघायची. "म्याडम, बटर म्हंजे लोणीच ना? मंग ते ब्रेडला कामून लावतेत?" मी म्हणायचे, तू पुढं म्हण.

शनिवारी मंडप लागला. साहेब आले, नारळ झाला, हार झाला, साहेबांचे दोन फोन झाले. पालक मागं उभे होते, त्यांत टपरी बंद करून आलेला तिचा बाप. टपरी बंद मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. पहिल्या मुलानं दहा वाक्यं पोहून दाखवली. साहेबांनी कौतुकानं इंग्रजीत विचारलं, "कुठं पोहतोस?" मुलगा म्हणाला, "येस सर." मंडपात टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं, तिसऱ्यानं तेच म्हटलं. साहेब कंटाळले असावेत. चौथी म्हणून टपरीवाल्याची पोर उभी राहिली तेव्हा तिला तोंड उघडू न देताच त्यांनी विचारलं, "बिफोर स्कूल, व्हॉट डू यू डू?"

हे कागदावर नव्हतं. पोरीनं साहेबांकडं नीट पाहिलं. वर्षभरात आमच्या वर्गातल्या कुणी प्रश्न ऐकून, समजून, मग उत्तर दिलं असेल तर ते त्या दिवशी.

"आय गेट अप ॲट फाइव्ह. आय वॉश ग्लास. आय मेक टी. जीप कम. ड्रायव्हर टेक टू टी, नो शुगर." हळूहळू बोलत होती, एकेक ग्लास फडक्यानं पुसून खाली ठेवावा तशी. साहेबांनी हातातला मोबाइल खिशात ठेवला. "अँड हॉबी?"

ती थोडी लाजली. "ड्रायव्हर ड्रिंक टी. आय सिट इन जीप. फ्रंट सीट. जीप नो गो. आय सिट ओन्ली."

साहेब मनापासून हसले, "व्हेरी गुड" म्हणाले. मला रडू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. याच वाक्यांवर मी लाल रेघ मारली होती. पण मनात म्हटलं, जाऊ दे, पोरीनं मैदान मारलं.

कार्यक्रम संपल्यावर तिचा बाप माझ्याकडं आला, तो तोंड पाडूनच. पोरगी शेजारी उभी.

"म्याडम, हे कसलं इंग्रजी?"

"का? साहेब खूश झाले की!"

"अहो, मला सगळं समजलं! ग्लास, टी, शुगर, ड्रायव्हर, जीप, फ्रंट सीट. असलं तर मी दिसभर बोलून राह्यलो टपरीवर. त्या पहिल्या पोराचं बगा, एक शब्द समजला न्हाई. त्याला म्हनतेत इंग्रजी. आन् हिनं चार मानसांत माझ्या टपरीचे ग्लासं धुतले." तो पोरीकडं न बघता म्हणाला, "न्हाई म्याडम. माझा शब्द मी दिल्ता. पन हे काई इंग्रजी न्हाई."

मी समजावायला तोंड उघडलं. खरी भाषा कशाला म्हणतात, यावर मी प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं आठवू लागले. पण माझ्याआधी पोरगी सरळ उभी राहिली, हात मागं बांधले, आणि नजर समोरच्या भिंतीला लावून धडाधड सुटली. सहाला उठणं, ब्रश, दूध, ब्रेड, बटर, स्विमिंग. दहाच्या दहा वाक्यं, एका दमात, श्वाससुद्धा न घेता.

बापाचा चेहरा हळूहळू खुलत गेला. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं की नाही म्हणून. "हां! मंग हे आधी कामून न्हाई म्हनलीस? बिलकुल साहेबावानी बोलली." मग माझ्याकडं वळून, "म्याडम, जाफराबादच्या शाळेचे कागद जल्दी करा."

मी "करते" म्हणाले. आणखी काय म्हणणार होते? पोरगी खाली बघत होती. मला तिच्यासमोर उभं राहवेना, म्हणून मी उगाच मंडपाच्या खुर्च्या आवरायला लागले.

यंदाच्या सातवीला मी फळ्यावर फक्त प्रश्न लिहिते. उत्तरांत शेळ्या आहेत, पतंग आहेत, आजोबांची तंबाखू चोरून मळणं हाही एक छंद आहे. वह्या तपासायला तीन दिवस लागतात, आणि माझी तयारी पहिल्यासारखी राहिली नाही, असं मुख्याध्यापक म्हणतात.

आता रोज सकाळी जी जीप मला फाट्यावर सोडते, तीच वळून आठवीच्या पोरांना जाफराबादला नेते. परवा मी पुढच्या सीटवरून उतरले तर टपरीवाल्याची पोर दप्तर घेऊन जीपच्या दारातच उभी होती. टपरीत तिचा बाप बादलीत हात घालून ग्लास विसळत होता आणि ड्रायव्हरवर उगाच खेकसत होता.

"नव्या शाळेत इंग्रजीत काय चाललंय?" मी विचारलं.

"डेली रूटीन. सरांनी फळ्यावर लिहून देल्लंय. सहाला उठते म्हणून." मग हळूच म्हणाली, "पन आता खरंच सहाला उठते, म्याडम. ग्लासं पप्पा धुतेत."

"आणि दूध पितेस का?"

"दूध चहाला लागतं."

"आणि हॉबी?"

"त्या सरांनी क्रिकेट देल्लंय," असं म्हणून ती मी मोकळ्या केलेल्या पुढच्या सीटवर चढून बसली आणि दोन्ही हातांनी ओढून तिनं दार लावून घेतलं.