उंबऱ्यावरचा जवाब

आमच्या घरातून बाहेर पडणं सोपं नव्हतं. दाराची कडी धड लागत नसे, दार दिवसभर सताड उघडं, तरीही. जाणाऱ्याने आधी उंबऱ्याच्या आत पाय जुळवून उभं राहायचं, दुवा म्हणायची, आतल्या कुणीतरी जवाब द्यायचा आणि मगच पाऊल बाहेर टाकायचं. दुवा लहानशीच. बिस्मिल्लाहि तवक्कल्तु अलल्लाहि, ला हौल वला कुव्वत इल्ला बिल्लाह. अल्लाहच्या नावाने निघतो, भरवसा त्याच्यावर टाकला, त्याच्यावाचून कुणात ना बळ ना ताकद. जवाब त्याहून लहान: फी अमानिल्लाह, अल्लाहच्या हवाली. दुवा सगळ्याच मुसलमानांची. जवाबाची अट मात्र आमच्या अब्बांची. जाणारा स्वतःला सोपवतो, पण घरानेही त्याला सोपवायला नको का, असं ते म्हणत.

अब्बा पिंजारी होते. धरणगावच्या आसपासच्या खेड्यांत कमान खांद्यावर टाकून फिरायचे आणि गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. संध्याकाळी परतत तेव्हा भुवयांवर कापूस असे, आणि आम्ही दोघं भावंडं तो फुंकरीने उडवायचो. अक्षर त्यांना येत नव्हतं. दीनाच्या, म्हणजे धर्माच्या, गोष्टी ऐकून ऐकून गोळा केलेल्या, आणि गोळा केलेल्या म्हणून की काय, मुठीतून सुटायच्या नाहीत. शिकलेला माणूस चार गोष्टी विसरतो तरी. अब्बा काही विसरत नसत.

एकदा अम्मा धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, मिरच्या वाळत घालत होती आणि मी धाकट्या भावाला घेऊन विहिरीवर गेले होते. अब्बा कमान खांद्यावर घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले, दुवा म्हणाले, आणि जवाबाची वाट पाहत तसेच उभे. आम्ही परत आलो तरी उभेच. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शेतकरी राहत, सगळे त्यांना नाना म्हणत, अब्बांचे जुने स्नेही. ते बाहेर बैलगाडी थांबवून हसत होते. "भाऊ, तुले जावानी परवानगी कोन देस? देव का वहिनी?" अब्बा जागचे हलले नाहीत. धाकटा आत धावत गेला आणि ओरडून जवाब दिला, तेव्हा कुठे गाडी सुटली. चार वर्षांच्या पोराने बापाला कामावर धाडलं, असं नाना पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

त्याच साली गावात उंदीर पडायला लागले.

प्लेग नवा नव्हता. लोकांना आता त्याची सवय झाली होती असं म्हटलं तर वाईट दिसतं, पण झाली होती. उंदीर पडले की गाव मळ्यांत जायचं, ताट्यांच्या झोपड्या उभ्या राहायच्या, साथ ओसरली की परत यायचं. मागच्या खेपेला मी तान्ही होते आणि आमच्या बाजूला साथ आलीच नव्हती, त्यामुळे आमच्या घरावर ही वेळ पहिल्यांदाच आली. चार दिवसांत गल्ली रिकामी झाली. कोंबड्यासुद्धा गेल्या. नानांनी निघताना आमच्या दारात गाडी थांबवली.

"भाऊ, मना मळामा तुनासाठे झोपडी बांधी ठेयेल शे. पोरेसले लई चाल."

अब्बा म्हणाले, "जठे साथ शे तठून जावानं नही, नाना. आमना पैगंबरसनी सांगेल शे."

हे त्यांनी मनचं काढलं नव्हतं. साथ असेल त्या मुलखात शिरू नये आणि तिथे असाल तर तिच्या भीतीने पळू नये, अशी शिकवण आहे. आता मला वाटतं, ती रोग दुसऱ्या गावी जाऊ नये म्हणून असावी. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ, मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

नाना म्हणाले, "पयानं कोन म्हनस? मळा काय परदेस शे का? तठून तुनं घर दिखस."

अब्बांनी मान हलवली. मशिदीतले मौलवीसाहेब स्वतः आदल्याच दिवशी मळ्यात राहायला गेले होते. गावाचं शिवार म्हणजे गावच, त्याला पळणं म्हणत नाहीत, असं त्यांनी अब्बांना नीट समजावलं होतं. अब्बांचं उत्तर ऐकून मला आजही चीड येते आणि थोडं हसूही येतं. ते म्हणाले, ते शिकेल शेत, त्यासले सूट ऱ्हाई. मी अडानी, माले सूट नही.

मग आमचे ते दिवस सुरू झाले. खेड्यांत कुणी धरणगावचा माणूस शिरू देत नव्हतं, त्यामुळे अब्बांचं काम थांबलं. कमान खुंटीवर. कुणी बाहेर जात नव्हतं, म्हणून दुवाही बंद पडली. अम्माने दोन बोचकी बांधून दाराशी ठेवली. ती रोज सकाळी बोचकी थोडी उंबऱ्याकडे सरकवी, अब्बा संध्याकाळी ती भिंतीशी नेऊन ठेवत. भांडण असं झालंच नाही. एकदाच अम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "अल्ला काय गावमाच ऱ्हास का? मळामा नही ऱ्हास?" अब्बा म्हणाले, भरवसा म्हनजे भरवसा. पालथ्या घड्यावर पाणी.

आठव्या की नवव्या दिवशी पिंजायच्या कापसाच्या ढिगात उंदीर सापडला. धाकट्यानेच पाहिला. तो ढिगावर लोळायचा, ती त्याची आवडती जागा. अम्माने उंदीर चिमट्याने उचलून बाहेर टाकला, राखेने हात घासले, डोक्यावरून पदर घेतला आणि बोचकी उचलली.

"तुम्ही नका येऊ," ती अब्बांना म्हणाली. "पोरेसले मी लई जास."

आम्ही तिघं उंबऱ्याच्या आत उभे राहिलो. अम्मा मध्ये. मी तिच्या उजवीकडे. धाकटा माझ्या बाजूला, माझी करंगळी धरून, दुसऱ्या हातात त्याची पितळी वाटी. अब्बा मागे चुलीपाशी बसले होते. अम्माने दुवा म्हटली, मोठ्याने, शब्द सुटे करून. धाकट्याने तिच्यामागे म्हटली, अर्धे शब्द गिळत, पण पूर्ण म्हटली. मी म्हटली नाही. मी मान वळवून अब्बांकडे पाहत होते, त्यांचे ओठ हलतात का ते बघत होते, आणि त्या नादात माझी दुवा राहूनच गेली.

अब्बांनी जवाब दिला नाही.

अम्मा थांबली. किती ते सांगता येणार नाही, पण धाकट्याची वाटी दोनदा दाराला लागून वाजली एवढं आठवतं. मग अम्माने पाऊल बाहेर टाकलं. आमच्या घरातून जवाबाशिवाय बाहेर पडलेली ती पहिली माणसं.

नानांच्या मळ्यात दोन दिवस बरे गेले. धाकटा केळीच्या सोपटांच्या होड्या करून पाटात सोडायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. अंग तापलेलं, काखेत गाठ. रोग त्याने घरूनच आणला होता, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. अम्मा रडली, नानांच्या घरच्या बायका रडल्या. मला काही झालं नाही. मी त्याची वाटी धुतली, पुसली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून बसले. लोक म्हणाले, पोरगी धक्क्याने दगड झाली. मी आत चाचपून पाहिलं, तिथे खरंच काही नव्हतं. एकच विचार होता आणि तोही थंडच होता. ज्याने दुवा म्हटली तो गेला. जिने म्हटली नाही ती वाटी घेऊन बसली आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही.

अब्बांना आणायला नाना गेले. तिथे काय झालं ते नानांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. बातमी ऐकून अब्बा उठले, उंबऱ्याच्या आत पाय जुळवून उभे राहिले आणि दुवा म्हणाले. मग थांबले. घरात कुणी नव्हतं. नाना बाहेर उभे, अब्बा आत उभे, ऊन चढत चाललेलं. नाना म्हणाले, मला तुमचे अरबी शब्द येत नव्हते, आणि आतून द्यायचा जवाब बाहेरून द्यावा की नाही तेही ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी आपल्या बोलीतच जवाब दिला: "चाल भाऊ, देव शे." तेव्हा अब्बा बाहेर आले.

मळ्यात येऊन त्यांनी धाकट्याला आपल्या हातांनी अंघोळ घातली. अम्मा आणि ते एकमेकांशी काय बोलतात म्हणून सगळे टपून होते. ते काहीच बोलले नाहीत. मौलवीसाहेबांनी नमाज पढवली आणि पुरुष त्याला घेऊन गेले. त्यानंतर साथ संपेपर्यंत अब्बा आमच्याबरोबर झोपडीतच राहिले. सूट की काय ती त्यांनी पुन्हा काढली नाही.

घरी परतल्यावर सगळं पूर्ववत झालं, म्हणजे अब्बा कमान घेऊन जात, संध्याकाळी येत. भुवयांवरचा कापूस आता ते स्वतःच पुसत. एक गोष्ट तेवढी बदलली. घरातून कुणीही निघालं की अब्बा जवाब दोनदा द्यायचे. फी अमानिल्लाह, आणि जरा थांबून पुन्हा, फी अमानिल्लाह. अम्मा म्हणायची, वयाने विसरतात, एकदा म्हटलेलं लक्षात राहत नाही. मला ते पटत नव्हतं, पण मी विचारलं नाही. मी स्वतः दुवा नुसते ओठ हलवून म्हणत असे. आवाज काढायला नको वाटे. कशाचंच फारसं काही वाटत नसे, खरं तर. ईद आली, गेली. मेंदी लागली, निघाली. चांगली मुलगी आहे, फार शांत आहे, असं सगळे म्हणत, आणि त्याच शांतपणाच्या जोरावर धुळ्याच्या एका मास्तरांशी माझं लग्न ठरलं. लिहायला-वाचायला मला पुढे त्यांनीच शिकवलं.

पाठवणीच्या दिवशी नानांचीच गाडी दाराशी होती. अम्मा आणि बायका बाहेर गाडीत माझं सामान लावत होत्या. घरात अब्बा आणि मी. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि मला पुढे काही म्हणता येईना. अब्बा वाट पाहत होते. मी म्हटलं, "अब्बा, त्या दिवशी मी दुवा म्हटली नव्हती. त्याने म्हटली, मी नाही म्हटली."

हे सांगायला मला सात वर्षं लागली होती. वाटलं होतं, ते समजावतील, पोरी, तसं नसतं. किंवा रागावतील.

अब्बा म्हणाले, "मी बी जवाब दिधा नही."

तेवढंच. मग म्हणाले, "आते म्हन, बेटा."

मी म्हटली. मोठ्याने, शब्द सुटे करून, अम्माने म्हटली होती तशी. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, फी अमानिल्लाह. मग थांबले. दुसऱ्यांदा म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांची नजर माझ्या बाजूला होती, खाली, माझ्या करंगळीपाशी, चार वर्षांचं पोर जेवढं उंच असतं तेवढ्या उंचीवर.

मी बाहेर पाऊल टाकलं आणि मला रडू फुटलं. गाडीत बसले तरी थांबेना, पारोळ्यापर्यंत थांबेना. बरोबरच्या बायका पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, रडू द्या, सासरी चाललेल्या पोरी रडतातच.