हरूभाऊंचे दोन डबे

हरूभाऊंना हाक मारली की ते लगेच 'ओ' देत नसत. मान किंचित तिरकी करून बघत राहायचे आणि आपण वैतागून पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणायचे, "बोला वैनी." बोईसरला नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, माणूस बहिरा आहे. म्हणून मी आवाज चढवला. मी साताऱ्याकडची, या बांधावरून त्या बांधावर बोलायची आमची सवय. माझा आवाज चढला म्हणजे काय विचारता! तर हरूभाऊ शांतपणे म्हणाले, "ऐकू येतं वो. तुमची हाक पुरी संपू तरी द्या. मधीच 'ओ' दिला तं तिचा शेवट कापला जातो." मी घरात येऊन ह्यांना सांगितलं, शेजारी येडपट आहे. हे म्हणाले, "असू दे. भांडकुदळ असण्यापेक्षा बरा." हा टोमणा मला होता, हे मला संध्याकाळी भाजी चिरताना कळलं.

हरेश्वर तामोरे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे समुद्रकाठच्या घिवलीचे. घरची बोट धाकटे भाऊ चालवायचे आणि हरूभाऊ बोईसरच्या एका कारखान्यात कायम दुसऱ्या पाळीला. दुपारचं जेवून निघायचे, सकाळ सगळी मोकळी. मुलगी पालघरजवळच्या माहीमला दिलेली, घरात ते आणि जानकीवहिनी. आमचे हे मात्र कायम रात्रपाळीला, कापडाच्या कारखान्यात. कापड दोन रुळांच्या मधून जायचं, आणि ते सरळ जातंय की नाही हे बघत ह्यांनी रात्रभर उभं राहायचं.

आमची इमारत सगळी पाळीवाल्यांची. कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असायचंच. त्यासाठी एक रीत पडून गेली होती: दाराच्या कडीवर फडकं बांधलं की आत रात्रपाळीचा माणूस झोपलाय. मग कुणी कडी वाजवायची नाही, पोरांनी जिन्यात धुडगूस घालायचा नाही. भाजीवालासुद्धा आमच्या मजल्यावर आला की "मेथी" हा शब्द कानात सांगितल्यासारखा म्हणायचा.

आणि या इमारतीत हरूभाऊ गिटार वाजवायचे. आमची आतली खोली आणि त्यांची आतली खोली यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अशी की पलीकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे ठसका. गिटारची वायर त्यांनी एका जुन्या, मोठ्या लाकडी रेडिओच्या मागे जोडलेली होती. रेडिओ तापला की त्यातून घुमल्यासारखा सूर निघायचा. गाणं म्हणून ओळखू येईल असं काही नसायचंच. एक सूर सोडायचा, तो विझेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हे गाणं पुढं कधी सरकायचं?" तर म्हणाले, "सूर आला कसा ते कोनीबी सांगल. गेला कसा, ते बगायचा."

पण त्यांच्या मनाला एक टोचणी होती. आमच्या कडीवरचं फडकं. "तुमचं फडकं बगला का माझा हात आकसतो वैनी," असं ते दहादा म्हणायचे आणि रेडिओचा आवाज आणखी बारीक करायचे. मी म्हणायचे, "वाजवा हो, ह्यांच्या उशाशी ढोल बडवला तरी उठायचे नाहीत." हे खरंच होतं. सकाळी हे यायचे, आंघोळ करून दोन भाकऱ्या खायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि क्षणात घोरायला लागायचे. थकवा, दुसरं काय, असं मीही समजत होते आणि हेही.

हरूभाऊंना एक सूर हवा होता. ती गोष्ट त्यांनी मला ताडगोळे सोलता सोलता सांगितली. "लगीन नव्हता झाला तवाची गोष्ट. आमी बोट घेऊन सांजचे परत येत होतो. मधीच इंजीन बंद पडला. सगळे शिव्या देत बसले. वारा नाय, लाट नाय. आनी लांब किनाऱ्यावर कोनाची तरी हळद होती, तितं गिटार वाजत होती. दिसत काय नव्हता. पान्यावरनं सूर येत होता, पन अख्खा नाय. पुढचा भाग कुटं तरी बुडला, मागचा तेवडा आमच्याकडं आला. इंजीन चालू झाला तवा मला रडू आला." मग ते गिटार शिकले. तारापूरपासून माहीमपर्यंत लग्नांत ऑर्केस्ट्रामध्ये वाजवलं. पण लग्नात लोकांना दणका पाहिजे. तो अर्धा सूर काही हाताला लागला नाही. म्हणून ऑर्केस्ट्रा सोडला आणि घरात रेडिओला वायर लावून त्याला शोधत बसले. हे सांगताना त्यांच्या हातातला ताडगोळा तसाच राहिला होता, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी त्यांना पत्ता नाही.

रेडिओ एक दिवस गेला. त्याच्या आतला तो काचेचा दिवा, व्हॉल्व्ह, कुठं मिळेना. हरूभाऊ सुतकात असल्यासारखे गॅलरीत उभे राहायला लागले, ते बघवेना. तेव्हा गजाभाऊ आले. हे त्यांचे ऑर्केस्ट्रातले जुने जोडीदार, ढोलक वाजवायचे, आता पालघरला स्टेशनाजवळ वाद्यांचं दुकान होतं. त्यांनी गिटारच्या वायरीला जोडायचे, सूर घुमवणारे दोन डबे आणून ठेवले. "दोन्ही वाजवून बग. होळी झाली का येतो, नको तो परत नेतो." जानकीवहिनींचा भाऊ बोटीवर नोकरीला, त्यानं आधीच सांगितलं होतं, भावजी, कुठला बी घ्या, तो माझ्याकडून. तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता.

एक डबा परातीएवढा, काळा, लोखंडी. पायानं दाबायची पट्टी, आणि एका खिडकीत लाल आकडे पेटायचे. परदेशी. दुसरा राखाडी, प्लास्टिकचा, जेवणाच्या डब्याएवढा, दोन बटणं आणि चारदोन आवाज, संपला कारभार. दोन्ही डिजिटल. म्हणजे काय, ते गजाभाऊंनी मला नीट समजावलं आणि मला समजलं नाही. एवढं कळलं, की सूर आत गेला की डबा त्याचे आकडे करतो आणि त्या आकड्यांचा पुन्हा सूर करून बाहेर सोडतो. हरूभाऊ म्हणाले, "आकड्यात गेलेला मानूस परत येत नाय, सूर येतो म्हंजे नवलच."

घरात दोन तट पडले. जानकीवहिनी म्हणाल्या, "घरात बसून वाजवायला लहानगा बास. तो मोठा काय लग्नात न्यायचाय?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. डबा घरातल्या टेपरेकॉर्डरला जोडून वाजवला तर मोठा आणि लहान यांत मला काडीचा फरक कळेना. टेपरेकॉर्डरच्या भोंग्यातून ती सगळी नक्षी गाळूनच जायची. पण मोठ्या डब्याला हेडफोन लावले, की ती वस्तूच वेगळी.

हरूभाऊंनी ते माझ्या कानांवर चढवले. गॅसवर आमटी होती, म्हटलं एक मिनिट ऐकते. त्यांनी एक तार छेडली. बाई गं. मी माझं माहेर आठवत नव्हते, गाव आठवत नव्हते. जिथं मी कधी गेलेच नाही अशा पाण्यावर मी बसले होते, संध्याकाळ झालेली, आणि लांबून काहीतरी माझ्याकडे यायला निघालं होतं आणि वाटेत विरत होतं. ते यावं असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही. डोळे उघडले तर जानकीवहिनींचे ओठ हलतायत आणि शब्द नाहीत. हेडफोन काढल्यावर कळलं, त्या म्हणत होत्या, "बाय, तुजी आमटी करपली गो!"

"सापडला वैनी," हरूभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "तोच हाय. पान्यावरचा. आनी आता तुमच्या मालकाची झोपबी नाय मोडायची. मी माज्या कानात, ते त्यांच्या झोपंत." मलाही इतका आनंद झाला की करपलेली आमटी मी ह्यांना न बोलता वाढली आणि ह्यांनी न बोलता खाल्ली.

आणि भिंत गप्प झाली.

पहिल्या दिवशी हे कूस बदलत राहिले. मी म्हटलं, उकाडा. दुसऱ्या दिवशी चहा बंद केला. मग दुधात जायफळ, मग तळपायाला तेल, मग खिडकीला काळी चादर. काही उपाय चालेना. डोळे लाल, बोलणं तिरसट. एका सकाळी घरी आले ते शर्टाची एक बाही खांद्यापासून फाटलेली. उभ्या उभ्या डुलकी लागली, बाही रुळात गेली. शेजारच्या यंत्रावरच्या भय्यानं मागून कव घालून ओढलं आणि ओरडला, "जाधव भाई, मरना है क्या?" मी ह्यांचा हात पुढून पाहिला, मागून पाहिला, बोटं पाहिली.

हे अंथरुणावर पडले, भिंतीकडे तोंड केलं आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पलीकडचं ते वाजत नाही काय गं हल्ली?"

तेव्हा दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. मी तडक उठले. हरूभाऊंचं दार उघडंच होतं. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. खोलीत नुसती तारांची टुकटुक, दुसरं काही नाही. पण तोंडावर काय होतं म्हणून सांगू! मी जन्मात कुठल्या माणसाचं इतकं निवलेलं तोंड पाहिलं नाही. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि मागं फिरले. कारखान्याचा राग आला, त्या डब्याचा आला, देवाचा आला. हरूभाऊंचा काही येईना. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "खबरदार काही बोललीस तर. त्याला जन्मात एकदा मिळालंय. मी करीन सवय."

दुपारी मी गॅलरीत ती बाही शिवत बसले होते. हरूभाऊ जेवणाचा डबा घेऊन पाळीला निघाले आणि थांबले.

"काय झाला वैनी?"

"यंत्रात अडकली."

"मालकाची? झोप नाय होत का त्यांची?"

"नाही."

"कवापासनं?"

आता मी काहीही सांगू शकले असते. उकाडा म्हणाले असते, चहा म्हणाले असते. पण ह्यांनी तंबी दिलेली, आणि खोटं बोलायला गेले तर रडू फुटेल अशी गत. म्हणून मी सुई खाली-वर करत गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे गावात ओरडून सांगण्यासारखंच. हरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, फाटलेल्या बाहीकडे पाहिलं, मग आमच्या दोन दारांच्या मधल्या भिंतीकडे पाहिलं, आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत वाजायला लागली. टेपरेकॉर्डरच्या भोंग्यातून, जरा चिरका, पण तोच संथ हात. हे आडवे झाले होते. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होते, पण शब्द तोंडातच राहिला आणि हे घोरायला लागले. मी पदरात तोंड घालून रडले, अगदी हुंदके देऊन.

मग तावातावानं शेजारी गेले. काळा डबा जागेवर नव्हता. "कुठाय तो?"

"ग्येला. काल पाळी बुडवली आनी पालघरला गजाला देऊन आलो."

"होळीपर्यंत तरी ठेवायचा! ह्यांच्या झोपेनंतर लावला असता!"

"तवा तं मी पाळीला असतो. आनी घरात असला तं मी कानाला लावनारच. माजा मी मला म्हाईत हाय." ते लहान डब्याचं बटण उगीच फिरवत राहिले. मग म्हणाले, "वैनी, एक मानूस रुळात जान्यापरीस माजा सूर पान्यात ग्येलेला बरा. त्योबी पान्यातनंच आल्ता."

मी रागानं म्हटलं, "तुमच्यासारखा माणूस देवानं आमच्या शेजारी कशाला ठेवला?" ते म्हणाले, "तुमची आमटी करपाया," आणि खोखो हसले. जानकीवहिनी मात्र आत पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी वर्षं हे असंच चाललं. हरूभाऊ तापानं फणफणले असले तरी सकाळी थोडं वाजवायचे. मुलीकडे माहीमला जायचं तर ह्यांची सुट्टी बघून जायचे. ह्यांचं आणि त्यांचं बोलणं तसं फारसं नव्हतं, जिन्यात भेटले की "काय मालक, झोपला का?" "झोपलो," इतकंच. पुन्हा त्या मोठ्या डब्याचं नाव त्यांनी काढलं नाही. एकदा गजाभाऊ म्हणाले, आता त्याहून भारी आलेत, ऐकायला तरी ये. हरूभाऊ म्हणाले, "नाय, नको," आणि विषय बदलून बोंबलाचा भाव विचारायला लागले.

ते गेले ते एका श्रावणात. छातीत दुखलं म्हणून पालघरला नेलं आणि दोन दिवसांत आटोपलं. घिवलीला नेऊन अग्नी दिला. हे सगळा वेळ पुढे होते, खांदाही दिला. जानकीवहिनी तिकडेच राहिल्या, शेजारच्या दाराला कुलूप लागलं.

हे पुन्हा रात्रपाळीला जायला लागले. सकाळी यायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि डोळ्याला डोळा न लागता दुपारी उठून बसायचे. मग एक दिवस हे कारखान्यातल्या साहेबांकडे गेले आणि दिवसपाळी मागितली. साहेब चकित. म्हणाले, "गेली काही वर्षं मी स्वतःहून देत होतो तेव्हा नको म्हणालास. आता काय झालं?"

हे म्हणाले, "साहेब, मला झोपवणारा माणूस गेला."