आखाजीचं थेट प्रक्षेपण

मी जळगावच्या एका केबल वाहिनीवर बातम्या देते. देते म्हणजे वाचते. केळीचे भाव, आजचं तापमान आणि भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे लोकप्रतिनिधी. भाऊंनी फीत कापली, भाऊंनी रोप लावलं, भाऊंना ताप आला, भाऊंचा ताप उतरला. तापाची बातमी मी स्वतः वाचली आहे, अगदी गंभीर चेहऱ्यानं. ताप उतरल्याची वाचताना मात्र मला हसू आवरेना. मला वाटलं, आता नोकरी गेली. मालक म्हणाले, "छान. आनंद दिसला चेहऱ्यावर."

माझं माहेर जळगाव-धुळे रस्त्यावरून आत, नदीच्या अल्याड. पल्याड दुसरं गाव. शाळा पल्याड, एस.टी. पल्याड, दवाखाना पल्याड. आमच्या काठावर काय, तर मारुती आणि मोबाइलचा टॉवर. मधला फरशी पूल एका पुरात वाहून गेला. तेव्हापासून उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून चालत जायचं आणि पावसाळ्यात पलीकडे बघत बसायचं. नव्या पुलाचा नारळ भाऊ प्रत्येक निवडणुकीला फोडायचे. मी ही बातमी करून आणायची आणि मालक "उद्या घेऊ" म्हणायचे. तो उद्या काही उगवला नाही. पेपरांचीही तीच तऱ्हा. भाऊंच्या वाढदिवसाला अख्खं पहिलं पान भाऊंचं, मग पुलाला जागा कुठून उरणार?

त्या वर्षी मात्र या पुलावर माझ्या भाचीचं सगळं अडलं होतं. तिनं दहावीची परीक्षा दिली होती, तिला सायन्सला जायचं होतं आणि कॉलेज तालुक्याला, म्हणजे नदी ओलांडून. तिच्या बापानं, माझ्या दादानं, सांगून टाकलं, "पूल झाला तर कॉलेज. नाहीतर पावसाळाभर पोरगी घरीच बसणार, आणि घरीच बसायचं तर आपण स्थळं बघू." दादा दुष्ट नाही. मागच्या पावसाळ्यात ओसरत्या पाण्यातून शाळेहून येताना तिचा पाय घसरला तेव्हा त्यानंच पाण्यात उडी घालून तिला काढलं होतं. त्याचं म्हणणं पटायचं आणि भाचीचं तोंड बघवायचं नाही. मला या दोन्हींचा राग यायचा आणि तो काढायला जागा नव्हती.

तर आखाजी आली. आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, मांडे आणि आमरस हाणतात आणि दुपार कलली की नदीवर जातात. तिथे दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींचा यथेच्छ उद्धार करतात. हो, शिव्याच. सासवा, नवरे, सरपंच, कुणाची सुटका नाही. नियम साधे आहेत. जो रागावला तो हरला, ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला, आणि पाठ फिरवून निघाला तो तर हरलाच. आमच्या काठाची सेनापती माझी चुलती. सगळं गाव तिला अक्का म्हणतं. तिचा आवाज असा, की तिनं घरात कुजबुजलं तरी पल्याडची म्हैस मान वर करते.

भाऊंच्या प्रचाराचं काम बघणाऱ्या शहरी पोरांना कुठूनतरी आदल्या वर्षीचा व्हिडिओ मिळाला. नदीत बायकाच बायका. त्यांना वाटलं, एवढी गर्दी, तीही फुकट! त्यांनी लगेच 'भव्य महिला मेळावा' ठरवला. तारीख आखाजीची, जागा नदीचं पात्र. या बायका तिथे कशासाठी जमतात हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. आदल्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरनं सामान आलं आणि सकाळपर्यंत पात्राच्या बरोबर मधोमध, जिथे पूल असायला हवा नेमका तिथेच, मंडप उभा राहिला. भाऊंच्या खर्चानं थेट प्रक्षेपण ठरलं. वाहिनी आमची आणि माइक माझ्या हातात. मला देव आहे असं वाटायला लागलं.

भाऊ आले, खुर्चीवर बसले, दोन्ही काठांकडे बघून हात जोडले. आणि त्यांचा चेहरा हळूच बदलला. भाऊ खेड्यातलेच. त्यांची आईही कुठल्यातरी काठावर उभी राहिलेली असणार. आपण कुठे येऊन बसलोय हे त्यांना कळलं, पण तोवर लाइव्ह सुरू झालं होतं.

अक्कानं पदर खोचला. "वं पल्याडन्या! हाऊ तुमना पाव्हना शे का वं?"

"आमना नही वं! तुमनाच शे, लई जा!"

"आमले काय कराना? नारय फोडाले आमनाकडे दगड शेत!"

"मंग कोना शे हाऊ?"

"कोनाच नही! म्हनीसन ते मझार बसेल शे!"

मझार म्हणजे मधोमध. दोन्ही काठ असे हसले की मंडपाची झालर हलली. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना शिव्या घालणारी दोन गावं पहिल्यांदाच एका माणसावर एकत्र आली होती, तीही तो नको म्हणून. कॅमेरावाला हसताना इतका हलत होता की घरी बघणाऱ्यांना भूकंप वाटला असेल. भाऊंच्या शेजारचा कार्यकर्ता कानाशी लागला, "भाऊ, निघू या." भाऊ दातांतल्या दातांत म्हणाले, "गप बस, निघालो तर हरलो."

तेवढ्यात अक्कानं मंडपाकडे बोट केलं. "एक रातमा मंडप उभा करा, मंग पूलले काय धाड भरनी?"

आता हसणं थांबलं. सगळ्या उत्तराची वाट बघू लागल्या.

माझ्या कानात मालक किंचाळले, "जाहिरात लाव! जाहिरात!" लागली. पण त्या दिवशी आमच्याकडे जाहिरात एकच होती, भाऊंच्या वाढदिवसाची. हात उंचावलेले भाऊ, डोक्याशी 'विकासपुरुष' आणि पाठीमागे कुठल्यातरी परदेशातला झगमगता पूल. भाची मोबाइलवर आमचीच वाहिनी बघत होती. हरवलेली वस्तू गवसल्यासारखी ती मोबाइल उंच धरून ओरडली, "सापडना वं, पूल सापडना! भाऊना मांगे शे!"

मग काही विचारू नका. बायका वाळूत बसल्या, काही चक्क लोळल्या. मी माइक तोंडावर दाबून धरला, तर माझंच खिदळणं जाहिरातीच्या आवाजात मिसळून घरोघर गेलं. आणि सांगते, भाऊसुद्धा हसले. खरंच हसले, पोट हलेपर्यंत. मग उभे राहून, माइक न घेता, आमच्याच बोलीत ओरडले, "अक्का, पूल व्हई!"

"कव्हय?"

"पाऊस पडाना पहिले!"

"कोन्ता सालना पाऊस?"

"यंदाना!"

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत आलं, 'महिला मेळावा उत्साहात'. फोटोत भाऊ हसताहेत. वाचणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे बायकांचं! पण त्या हसण्याचा व्हिडिओ पेपरांच्या कितीतरी पुढे पळाला. भुसावळहून नणंदेचा फोन आला, तिला हसण्यामुळे बोलताच येईना. भाऊ शिरपूरला लग्नाला गेले, तर पंगतीत कुणीतरी विचारलं, "भाऊ, पूल सापडना का?" धुळ्यात सत्काराला गेले, तिथेही तेच. शेवटी पाऊस पडायच्या आत पोकलेन आलं. मोठमोठे सिमेंटचे पाइप टाकून त्यावर मुरुमाचा रस्ता झाला आणि दिवाळीनंतर पक्क्या पुलाचं काम लागलं. 'भाऊंच्या पाठपुराव्याला यश' ही बातमी मीच वाचली. मालक पुन्हा म्हणाले, आनंद दिसला.

भाची कॉलेजला जायला लागली. पहिल्या दिवशी दादा तिला पुलापलीकडे सोडायला गेला आणि एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. मी बघितलं आणि रडले.

यंदाच्या आखाजीला मालकांनी कॅमेरा दिला नाही. "लाइव्ह नको," एवढंच म्हणाले. मी नुसतीच लेक म्हणून गेले. नव्या पुलाच्या दोन टोकांना दोन गावं उभी राहिली. बघते तर भाची पल्याडच्या पोरींत! तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी सगळ्या तिकडच्या. अशी फितुरी आमच्या घराण्यात कधी झाली नव्हती. आणि तिनं पहिलाच नेम धरला तो माझ्यावर.

"वं टीव्हीवाली आत्या! भाऊना ताप उतरना का? मंग दवाखानाले कुलूप शे, ती बातमी कव्हय?"

दोन्ही टोकं फुटली हसण्यानं. मीही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसणं ओसरलं आणि सगळ्या माझ्याकडे बघत थांबल्या. मी तोंड उघडलं, पण काही सुचेना. आमचा काठ हरला.

अक्कानं कपाळावर हात मारला. "टीव्हीवर रोज बडबड करस, आनि आठे मुकी व्हई गई?"