कागदावर विभक्त

आम्ही निघालो तेव्हा ऑगस्ट होता. माझा नवरा नितीन शारजाहून दुबई एअरपोर्टपर्यंत गाडी चालवत होता. आमची सात वर्षांची इरा मागच्या सीटवर जाड जॅकेट घालून बसली होती, कारण ते बॅगेत मावत नव्हतं आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री असलं तरी ते तिला काढायचं नव्हतं. प्रवाशांशिवाय कोणालाही पुढे सोडत नाहीत, तिथे नितीन थांबला. इराला मिठी मारली आणि मला म्हणाला, "तीन वर्षं म्हणजे काय गं, अशी जातील." मी मान हलवली. वळून बघितलं तेव्हा तो पार्किंगचं तिकीट शोधत खिसे चाचपत होता. माझ्या नवऱ्याचा निरोपाचा चेहरा म्हणून मला तोच आठवतो.

लोक विचारतात, एवढं सगळं चांगलं असताना कॅनडाला का गेलात? त्याचं उत्तर माझ्या वडिलांपाशी आहे. मी दोन वर्षांची असताना आण्णांनी आम्हाला कराडहून शारजाला आणलं. तिथल्या रोल्ला भागात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मी तिथेच वाढले, शाळेत गेले, नोकरीला लागले. आण्णा नेहमी म्हणत, "आपण इथे पाहुणे. पाहुण्यानं फार पसरू नये." घरात मोठं कपाटसुद्धा त्यांनी कधी घेतलं नाही. वय झालं तसं दुकान बंद केलं, व्हिसा रद्द झाला आणि तीस-बत्तीस वर्षांचा संसार अकरा खोक्यांत भरून कार्गोनं कराडला गेला. शेवटच्या दिवशी ते रिकाम्या हॉलमध्ये स्टुलावर बसून होते. "खलास," एवढंच म्हणाले. तेव्हा मी ठरवलं, इराला असा एक देश हवा, जो तिला म्हातारपणी जा म्हणणार नाही.

नितीन दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत प्रोक्युअरमेंट, म्हणजे मालाची खरेदी, बघतो. तशी नोकरी तिकडे मिळेना. मग असं ठरलं की त्यानं इथे पगार चालू ठेवायचा आणि आम्ही दोघींनी तिकडे नागरिकत्वासाठी लागणारे तीन वर्षांचे दिवस भरायचे. गल्फमधल्या कितीतरी घरांनी हेच केलं आहे. हे वाचणाऱ्या काही जणी आजही कुठल्यातरी बेसमेंटमध्ये दिवस मोजत असतील. मुख्यतः त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

टोरांटोजवळ आमचं बेसमेंट होतं. खिडकीतून शेजाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले. पहिला हिवाळा संपता संपता दवाखान्यातली एक जण म्हणाली, टॅक्स भरलास का? मी आयुष्यात कधी टॅक्स भरला नव्हता. शारजात पगार जेवढा ठरला तेवढा हातात यायचा. तिनं दुकानांच्या एका प्लाझात बसून टॅक्सचे फॉर्म भरून देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. आपल्याकडचे सगळे त्यालाच गाठायचे. तो हिंदीत भराभर प्रश्न विचारायचा आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत टाइप करायचा.

"मिस्टर साथ में रहते हैं?"

"नहीं, वो दुबई में हैं."

"मतलब अलग रहते हैं ना?"

"हाँ, अलग रहते हैं."

त्यानं कुठेतरी टिक केलं. मी सही केली. दुसऱ्या वर्षी त्यानं विचारलं, "लास्ट इयर जैसा ही?" मी हो म्हटलं. इराच्या नावानं सरकारकडून दर महिन्याला पैसे यायचे. त्यात तिचे बूट, पोहण्याचा क्लास आणि थोडं भाडंही निघायचं. ते पैसे इतके कसे, असं मी कधी विचारलं नाही.

चार हिवाळे झाले. दिवस भरून वर थोडे शिल्लकही राहिले. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही शारजाला आलो तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज इथेच बसून भरायचं ठरवलं. डायनिंग टेबलवर लॅपटॉप होता. समोर नितीन लसूण सोलत होता. टॅक्सची जुनी कागदपत्रं काढून मी त्यातल्या तारखा त्याला वाचून दाखवत होते. एका ओळीपाशी माझा आवाज थांबला. त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि वाचलं. चारही वर्षं एकच शब्द होता. सेपरेटेड. विभक्त.

"हे कधी झालं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता. भाजीचा भाव विचारावा तसा.

मी प्लाझातला माणूस, त्याची घाई, 'अलग रहते हैं' हे सगळं सांगितलं. मी न वाचता सही केली, असंही सांगितलं. इरा सोफ्यावरून म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ बॉक्स. जस्ट चेंज इट." नितीननं तिला आत जायला सांगितलं.

त्या एका टिकमुळे माझा एकटीचाच पगार धरला गेला होता. नितीनचा पगार कुठेच नव्हता. म्हणून ते महिन्याचे पैसे जास्त येत होते. आता नागरिकत्वाच्या अर्जात मी विवाहित लिहिणार आणि टॅक्समध्ये विभक्त. कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर? तिकडच्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "कोणी बघत नाही गं. पाठवून दे." मी पाठवला नाही. खोटं बोलून नागरिकत्व मिळवलं तर ते नंतरही काढून घेतात, असं वाचलं होतं. इराला जो देश मिळवून द्यायचा होता, तो माझ्याच सहीनं जाणार की काय, असं वाटायचं.

शेवटी तिकडच्या एका अकाउंटंट मॅडमना व्हिडिओ कॉल केला. शांत बाई होत्या. म्हणाल्या, "त्यांनी विचारण्याआधी तुम्ही सांगा. जास्तीचे पैसे परत करावे लागतील. तुमच्या मिस्टरांच्या पगारावर तिथे टॅक्स लागेलच असं नाही, पण तो आकडा लिहायला हवा होता." मग त्यांनी लग्न चालू होतं याचे पुरावे गोळा करायला सांगितले. तिकिटं, पैसे पाठवल्याच्या पावत्या, फोटो, मेसेज.

आम्ही दोघं टेबलवर बसून आमच्या संसाराचे पुरावे शोधू लागलो. पहिल्या वर्षाचे ढीगभर सापडले. दुसऱ्या वर्षाचे बरे होते. तिसऱ्या वर्षी डिसेंबरनंतर जवळजवळ काहीच नव्हतं. त्या डिसेंबरात नितीन येणार होता. इरानं दारावर चिकटवायला स्वागताची पाटी केली होती. चार दिवस आधी त्याचा फोन आला. साइटवर अडचण आहे, रजा रद्द. "तिकीट साडेसहा हजार दिऱ्हमचं, म्हणजे दीड लाख गेले बघ," असं तो म्हणाला. त्याला हळहळ पैशांची आहे, असं वाटून मी फोन ठेवला. मग चाळीसेक दिवस मी त्याच्याशी बोललेच नाही. त्याचा फोन आला की मोबाइल इराच्या हातात द्यायचे.

"हे काही पुरावे दाखवायचं वर्ष नाही," नितीन स्क्रीनकडे बघत म्हणाला.

मॅडमनी टॅक्स खात्याला द्यायच्या पत्राचा मसुदा पाठवला. त्यात एक वाक्य होतं: 'ही नोंद चुकीची आहे याची मला कल्पना नव्हती.' मला त्याच्याखाली सही करायची होती. मी दोन दिवस तो कागद तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी नितीन ऑफिसातून आला, ट्रॅफिकमध्ये दोन तास बसून. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "मला कल्पना होती."

तिसऱ्या वर्षी प्लाझातल्या त्या माणसानं स्क्रीन माझ्याकडे वळवली होती. "चेक कर लो, मॅडम." मी वाचलं. तो शब्द वाचला. तोंड उघडलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण इराची पाटी अजून फ्रिजवरच होती. मला वाटलं, बरोबरच आहे की. आणि पैसे तर येतच होते. मी म्हटलं, "ठीक है."

 नितीन पाणी प्यायला, ग्लास ठेवला, चपला घातल्या आणि खाली गेला. तासाभरानं परत आला तेव्हा हातात खुबूसचं, इथल्या अरबी रोट्यांचं, पाकीट होतं. घरात भाकऱ्या केलेल्या होत्या हे त्याला माहीत होतं. पाकीट ओट्यावर ठेवून म्हणाला, "पत्रात खरं ते लिही. मीपण त्या वर्षी फोन करायचो तो इरासाठीच. तूही बोलावंस, असं मला वाटत नव्हतं."

आमच्यात या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. त्याचं आम्हाला बरं वाटलं असंही नाही. दोघंही दमलेलो होतो.

मॅडमनी सावध केलं. माहीत होतं असं लिहिलंत तर दंड लागू शकतो आणि सगळं लांबेल. मी तरी लिहिलं. पहिली दोन वर्षं न वाचता सही केली, तिसऱ्या वर्षी वाचून गप्प राहिले, चौथ्या वर्षीही. मग इराला घेऊन परत गेले. दंड लागला. पैसे हप्त्याहप्त्यानं परत केले, पोहण्याचा क्लास बंद झाला. सगळी दुरुस्ती होऊन कागद हातात आल्यावर मी नागरिकत्वाचा अर्ज केला आणि त्या पत्राची प्रत सोबत जोडली. नंतरचं वर्ष मी टपालाची पेटी उघडण्यात आणि बंद करण्यात घालवलं. आण्णा कराडहून फोन करायचे. "झालं का गं?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न न विचारता पावसापाण्याचं बोलायचे.

नागरिकत्वाच्या मुलाखतीला एक मध्यमवयीन बाई होत्या. माझं पत्र त्यांच्यासमोर होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय की तो शब्द तुम्ही वाचला होता. मग गप्प का राहिलात?"

मी घरी उत्तर पाठ केलं होतं. ते आठवलंच नाही. "मी नवऱ्यावर चिडले होते," मी म्हटलं. "आणि पैशांची मदत होत होती."

त्यांनी बराच वेळ टाइप केलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाल्या, "ठीक आहे, आम्ही कळवू." बाहेर पार्किंगमध्ये मी गाडीत बसून राहिले.  आता सांगायचं काही उरलं नव्हतं.

चार महिन्यांनी शपथेची तारीख आली. इरानं आणि मी शपथ घेतली. नितीन दुबईहून व्हिडिओ कॉलवर बघत होता, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये दार लावून. खूप आनंद होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मी घरी जाऊन दुपारी चार तास झोपले.

गेल्या जूनमध्ये आम्ही शारजाला परत आलो. ज्या देशासाठी एवढं केलं तो सोडून परत का, असं सगळे विचारतात. नितीनची नोकरी इथे आहे आणि मला आणखी एक हिवाळा त्याच्याशिवाय काढायचा नव्हता. तो येऊ शकेल तेव्हा तिघं मिळून जाऊ. सोबत राहणं सोपं गेलं नाही. त्याला जेवताना बातम्या लागतात, मला शांतता. तो एसी अठरावर ठेवतो. महिनाभर आम्ही एकाच फ्लॅटमध्ये पाहुण्यांसारखे वावरलो, 'सॉरी, आधी तू जा' असं म्हणत. इरा तेरा वर्षांची आहे. कुठली आहेस असं विचारलं की 'इट डिपेंड्स' म्हणते. माझंही तसंच. कराड आण्णांचं आहे, शारजाचा व्हिसा दोन वर्षांचा, आणि कॅनडात माझा पासपोर्ट चालतो पण तिथे दार उघडायला कोणी नाही.

आता नितीनसाठी अर्ज करायचा आहे, बायकोनं नवऱ्याला बोलावण्याचा. या वेळी तोच भरतो म्हणाला. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी चहा घेऊन बसला. प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचायचा, माझ्याकडे बघायचा आणि मी हो म्हटल्यावरच पुढे जायचा. लग्नाची तारीख लिहिली. मग वाचलं, "सध्या एकत्र राहता का?" मी हो म्हटलं.

"कधीपासून?" त्यानं पुढचा प्रश्न वाचला आणि थांबला. "इथे काय लिहू? लग्नापासून?"

 "लग्नाची तारीख वर आहेच," मी म्हटलं. "इथे गेल्या वर्षीचा जून लिही."

त्यानं जून लिहिलं.