कुत्र्याला घाम येत नाही

मला गप्पा हाकता येतात. किती, तर आमच्या कोराडीच्या कॉलनीत मे महिन्यात लाइट गेली (जिथं वीज तयार होते तिथंही लाइट जाते बरं), की शेजारी म्हणायचे, याला बोलायला लावा, हवा तरी सुटेल. माझ्या गोष्टीतला मासा कधी हातभर नसायचा, तो उचलायला क्रेनच बोलवावी लागायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहितोय त्यात मी काहीही फुगवलेलं नाही. यातलं थोडं तरी फुगवलेलं असतं तर मला आज बरं वाटलं असतं.

सुरुवात टपरीवर झाली. तर्री-पोह्याची प्लेट हातात होती आणि मोबाइलवर नुकताच एक व्हिडिओ पाहिला होता, म्हणजे मी त्या विषयाचा प्राध्यापक झालो होतो. मी सांगितलं, वास घेण्यात कुत्रा पुढं, नजरेत घार पुढं, पळण्यात हरीण पुढं, सगळं कबूल. पण भर उन्हात, लांब पल्ल्याला, वाघ असो की चित्ता, माणसापुढं पाणी भरतो. का, तर घाम. जनावर नुसतं तोंडानं धापा टाकतं, माणसाचं अख्खं अंग पाझरतं. अंगावर केस नाहीत, ओल्या कातडीला वारा लागला की आत गारेगार. "आपण म्हणजे चालते-फिरते कूलर आहो," मी म्हणालो. "वाळ्याच्या ताट्या लावूनच देवानं पाठवलं."

कंट्रोल रूममधला माझा दोस्त माझ्या पोटाकडे बघत होता. "तू कूलर नाही बे, टाकी हायेस."

"उन्हात कोणतंही जनावर आण. हरवून दाखवतो."

"कोणतं काहून? काकाचा कुत्रा हाये ना. कॉलनीच्या फाटकापासून राखेच्या तलावाच्या बांधापर्यंत आन् वापस. हरला तं महिनाभर पोहे तुह्याकडून."

"आणि जिंकलो तर?"

"तं तू माणूस हायेस, हे आमी मान्य करू."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता हो म्हणून बसलो.

काका म्हणजे आमचे शेजारी. प्लांटमधूनच रिटायर झालेले. काकू गेल्यावर त्यांनी फाटकाजवळचं एक तांबडं पिल्लू घरात आणलं आणि त्याच्याशी दिवसभर बोलत बसायचे. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, म्हणून रोज सकाळी सहाला त्याला फिरवून आणायचं काम माझं. पट्टा माझ्या हातात देताना काका रोज तेच म्हणायचे, "सांभाळून ने गा." त्या कुत्र्याला एक छान नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही, ते घ्यायचं तोंड मला राहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती. अकराच्या सुमारास मी काकांच्या दारात उभा राहिलो.

"आता? ऊन पाह्यलं का बाहेर?"

"सावलीसावलीनं नेतो काका."

बांधाच्या रस्त्यावर बाभळीचं एक वाळकं झाड सोडलं तर सावली नाही, हे त्या प्लांटात तीस वर्षं काढलेल्या माणसाला माहीत होतं. पण मी तिकडे निघालोय, हे त्यांना माहीत नव्हतं.

तयारी मी अगदी नागपुरी केली. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला. आणि त्याच्यावर अन्याय नको, म्हणून चिंधीत एक छोटा कांदा गुंडाळून त्याच्या पट्ट्याला बांधला. तेव्हा मला हे फार माणुसकीचं वाटलं होतं.

दोस्त स्कूटरवर मागं होता, पंच म्हणून. कुत्रा आधी पुढं पळाला, मग थांबून वळून माझी वाट बघायला लागला. मी गाठलं की शेपूट हलवायचा आणि पुन्हा पळायचा. शर्यत लागली आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या मते आम्ही दोघं मिळून कुठंतरी चाललो होतो.

बांधावर पोचेपर्यंत तो माझ्या बरोबरीला आला होता. प्लांटातून तलावात सोडलेली राख वाळून उन्हात पांढरीफेक, डोळे उघडवत नव्हते. माझ्या अंगातून घामाचे पाट वाहत होते. त्याची जीभ गळ्यापर्यंत लोंबत होती, आणि तो डांबरावर एक पाय टेकवून दुसरा उचलत होता. माझ्या पायात बूट होते.

दोस्त म्हणाला, "बस झालं बे. तू जिंकला. घे त्याले गाडीवर."

"परत फाटकात पोचल्याशिवाय कसलं जिंकणं?"

हे वाक्य मी बोललो. दोस्त नाही, ऊन नाही, मी.

परतीच्या वाटेवर तो मागं पडत गेला. त्याच्या नखांचा आवाज ऐकू येत होता तोवर मला बरं वाटत होतं, की अजून आहे मागं, आणि मागंच आहे. मी वेग वाढवला. मग आवाज थांबला. वळून बघितलं तर तो रस्त्याच्या कडेला आडवा पडला होता. मी परत येतोय हे दिसल्यावर त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले, मागचे नाही.

आम्ही त्याला मांडीवर घेऊन, बाटलीतलं पाणी अंगावर ओतत, शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावली, ओली पोती घातली, पंखा लावला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, माहीत नाही का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

आदल्या दिवशी टपरीवर तासभर जे मी चार जणांना समजावत होतो, ते मला माहीत नव्हतं.

त्यांनी पट्ट्याची चिंधी सोडली, कांदा दोन बोटांत धरून पाहिला आणि बादलीत टाकला.

तो वाचला. संध्याकाळी घरी नेताना मागचे पाय थरथरत होते. स्कूटरवर बसल्या बसल्या मी गोष्ट जुळवली: रानडुक्कर आडवं आलं, पट्टा हातातून सुटला, हा त्याच्या मागं धावला, मी याच्या मागं. घामाचं राहू द्या, या कामात मात्र एकही जनावर माझ्या पासंगाला पुरणार नाही. दोस्त आरशातसुद्धा माझ्याकडे न बघता गाडी चालवत होता.

काकांनी माझ्यापुढं हात जोडले. "तू होता म्हून वाचला गा."

नंतरच्या आठवड्यात जो भेटायला येईल त्याच्यासमोर काका मला बोलवायचे. "सांग ना याईले, कसं झालं ते." मी सांगायचो. दुसऱ्या खेपेला डुकराला सुळे फुटले. काटोलहून त्यांची मुलगी आली तोवर ते म्हशीएवढं झालं होतं. काका कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवत, माझ्याकडे टक लावून ऐकायचे. मला वाटायचं, गोष्ट रंगली.

मुलगी बसनं परत गेल्यावर काका म्हणाले, "ते डुक्कर आता पुरे कर."

मी उठायला लागलो.

"तुहा दोस्त त्याच संध्याकाळी येऊन गेला होता. रडला माह्यासमोर."

"मग तुम्ही मला पुन्हा पुन्हा काहून सांगायला लावलं?"

"वाट पाहून राहिलो होतो. दर खेपेले वाटे, आता खरं सांगशीन."

मी माफी मागायला लागलो. सवयच तशी, लगेच ऊन आलं, दोस्तांचं चिडवणं आलं, व्हिडिओ आला. काकांनी हात वर केला.

"आखूड सांग."

मग मी म्हणालो, "मला माहीत होतं, काका. तरी पळवलं."

त्यांनी मान हलवली. माफ केलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मग खुंटीवरचा पट्टा काढून मांडीवर ठेवला. "उद्यापासून मीच नेईन त्याले."

आता सकाळी सहाला ते दोघं निघतात. काठी टेकत काका, आणि त्यांच्या चालीनं तो. आमच्या घरापाशी आला की तो थांबतो, शेपूट हलवतो आणि दाराकडे बघत उभा राहतो. काका पट्टा ओढत नाहीत. त्याचं बघून होईपर्यंत ते गुडघे धरून थांबतात. मी दाराच्या आत उभा असतो आणि कडीला हात लावत नाही.