खरा सर, खोटा सर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला मेसमध्ये सरांचीच नक्कल करून राहिलो होतो. हातात भाकरीचा घास, नाक जरा दाबलेलं, "पोरांहो, पोरीहो, लक्ष कुठं हाय?" सगळं टेबल खदाखदा हसत होतं...

सर किल्लारीकडचे. बायको-लेकरं लातूरला अन् नोकरी अर्धापूरजवळ, आमच्या गावच्या शाळेत, म्हणून खोली करून एकटेच राहायचे. लहानपणी भूकंपात ते घराखाली गाडले गेले होते. शेजारच्या कुणीतरी त्यांची हाक ऐकली, म्हणून निघाले. वर्गात चुळबुळ झाली की म्हणायचे, "बोलणारे लई हायत रे. ऐकणारा सापडत न्हाई." नकलेत हे वाक्य टाकलं की मला हमखास टाळी पडायची.

मी शाळा सोडून कॉलेजला गेल्यावर सरांनी वर्गाचा व्हाट्सअप ग्रुप काढला. दर रविवारी त्यावर धडा बोलून पाठवायचे. पोरं बिलंदर, न ऐकताच अंगठा दाखवून मोकळी. तेवढ्यात माझी नक्कल सरांच्या कानावर गेली. मला बोलावलं. वाटलं, आता पाठ सडकणार. सर म्हणले, "बाळ्या, मला जरा मी करून दाखव." दाखवलं. हसू दाबत म्हणले, "इतका शेंबडा हाय का रे माझा आवाज?"

सरांनी मलाबी ग्रुपवर घेतलं, अन् तिथून आमचा खेळ सुरू झाला. शनिवारी गावी गेलो की त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच आवाजात मी चुकीचे धडे बोलून ठेवायचो. माहूर गोदावरीच्या काठी हाय, असलं काहीतरी. सर रविवारी कधी स्वतःचा धडा टाकायचे, कधी माझा. पोरांनी ओळखायचं, खरा सर का खोटा सर? अन् खोटा असंल तर चूक कोणती? पोरं कान टवकारून शेवटपर्यंत ऐकायला लागली.

आठवीतली वैष्णवी एकदाबी फसली न्हाई. "कशावरून ओळखते गं?" मी विचारलं.

"सर 'पोरीहो, पोरांहो' म्हणतात. तू पोरांला आधी घेतो, दादा."

सर पोट धरून हसले. मी काय ते सुधारलं न्हाई.

त्या रविवारी दुपारी मी नांदेडलाच क्रिकेट खेळून राहिलो होतो. ग्रुपवर सरांच्या मोबाईलवरून अकरा सेकंदांचा आवाज आला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. 'खोटा सर!' 'बाळूदादा, एक नंबर ॲक्टिंग!' फक्त वैष्णवीनं लिहिलं होतं, 'हे खरे सर हायत.'

मी तो आवाज ऐकलाच न्हाई. आदल्या शनिवारी चार-पाच बोलून ठेवले होते, त्यातलाच एखादा असंल... अन् खरं सांगायचं तर कौतुक गोड लागलं. मी लिहिलं, 'न्हाई गं, मीच हाय.' अन् बॅटिंगला गेलो.

सर गेल्याचं कळल्यावर मेसच्या पायऱ्यांवर बसून तो आवाज ऐकला. "पोरीहो, पोरांहो... छातीत लई दुखून राहिलं... कुणी जवळ असंल तर... या जरा."

निम्मा वर्ग त्या खोलीच्या आजूबाजूला राहतो. घरमालकीण संध्याकाळी दूध द्यायला गेली, तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर काय म्हणले, ते मी अजून कुणाला विचारलं न्हाई.

लातूरला मातीला गेलो. वैष्णवी तिच्या आईसंगं आली होती. रडत नव्हती. म्हणली, "दादा, मी निघाले होते. पायात चप्पल घातली होती. तुझं आलं, मग काढली."

दीड महिना झाला. नक्कल बंद हाय. मेसमधली पोरं म्हणतात, एकदा कर ना रे. मी ताट उचलून धुवायला जातो.

ग्रुप तसाच हाय. त्या अकरा सेकंदांच्या खाली माझं उत्तरबी तसंच. आता ते सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसता येत न्हाई. त्यावर बोट दाबून माहिती उघडली की कुणी कधी वाचलं ते दिसतं. त्यात सरांचंबी नाव हाय. दोन वाजून सतरा मिनिटं. मी लिहिलं, तीच वेळ.