अगदी आईवर गेलेली

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या आजी माझ्या तीन वर्षांच्या सईकडे बघून म्हणाल्या, "अगदी आईवर गेलीये हो पोर!" एरवी मी सुखावले असते. पण महिन्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की सईच्या फुप्फुसातून जी गाठ काढली, तिच्यामागचा जनुकातला दोष माझ्याकडून आला आहे.

"पण मला तर कधीच काही झालं नाही!"

"काहींना होतच नाही," डॉक्टर म्हणाले होते. "यात दोष तुमचा नाही. सईच्या धाकट्या भावाचंही रक्त तपासू. त्याच्यात निघालं, तर त्याची फुप्फुसं, मूत्रपिंडं वरचेवर बघावी लागतील."

दोष माझ्याकडून आला, आणि दोष माझा नाही. सईच्या गालावरची खळी माझी म्हणून मी मिरवते, मग ती गाठ कुणाची म्हणायची?

तेवढ्यात आत बोलावलं. धाकट्याचा रिपोर्ट चांगला आला होता. त्याच्यात तो दोष नव्हता. बाहेर बाकावर येऊन नवऱ्याला फोन केला.

"अगं, मग रडतेस कशाला?"

सई मांडीवर चढून माझे डोळे पुसत होती, आणि तिच्यासमोर मला धड आनंदही करता येत नव्हता.